वाळवी आणि क्रिप्टोसर्कस झुरळ

क्रिप्टोसर्कस ही झुरळांची बिनपंखी प्रजाती उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातील डोंगराळ जंगलांत, कुजणाऱ्या ओंडक्यांच्या आत राहते व तेच लाकूड खाते. जिवंत झुरळांपैकी वाळवीचे सर्वांत जवळचे नाते हिच्याशी आहे. पूर्वी वाळवीसाठी आयसॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानला जात असे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर तिचा समावेश झुरळांच्याच ब्लॅटोडिया गणात करण्याकडे कल वाढला.

क्रिप्टोसर्कसच्या आणि वाळवीच्या आदिम गटांतील जातींच्या पश्चांत्रात, म्हणजे आतड्याच्या मागच्या भागात, कशाभिकायुक्त आदिजीव (चाबकासारखे धागे हलवून पोहणारे एकपेशीय जीव) असतात आणि लाकडातील सेल्युलोजचे पचन मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एल. आर. क्लीव्हलँड यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, हे आदिजीव नष्ट केल्यास अशी वाळवी लाकूड खात राहूनही उपासमारीने मरते. १९३४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह क्रिप्टोसर्कसवरही सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. ट्रायकोनिम्फा हा आदिजीव तर दोन्ही कीटकांत आढळतो.

खरा फरक कात टाकताना दिसतो. कात टाकताना आदिम गटांतील वाळवीचे आदिजीव निघून जातात आणि ते परत मिळवण्यासाठी तिला सोबतिणींच्या गुदद्वारातून येणारा द्रव प्राशन करावा लागतो, त्यामुळे वसाहतीपासून तुटलेल्या वाळवीला लाकडावर जगणे अशक्य होते. क्रिप्टोसर्कसच्या पिल्लांना हे जीव आईवडिलांकडून असेच मिळतात. मात्र वाढलेल्या पिल्लाच्या आतड्यात ते कात टाकण्याच्या काळातही टिकून राहतात. कदाचित म्हणूनच या झुरळाचे कुटुंब कुटुंबच राहते: नर-मादी आयुष्यात बहुधा एकदाच पिल्ले वाढवतात, पण ती काही वर्षे सांभाळतात. वाळवीत मात्र भावंडेच कामकरी आणि सैनिक होतात व प्रजनन बहुधा राजा-राणीपुरते उरते. केवळ समान आहारातून वसाहत उभी राहत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

थंडीबाबतही दोघींचे मार्ग वेगळे आहेत. वाळवीच्या बहुतांश जाती उष्ण प्रदेशांतल्या असून, समशीतोष्ण भागातील भूमिगत जाती हिवाळ्यात जमिनीत खोल उतरतात. ॲपलाचियन पर्वतातील क्रिप्टोसर्कस पंक्ट्युलॅटस मात्र ओंडक्यातच राहते. हिवाळ्यात तिच्या शरीरात रिबिटॉल हे शर्करा-अल्कोहोल साठते आणि शरीरातील पाण्याचा काही भाग गोठला तरी ती जगते.

झुरळांच्या मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या ऊतीत) ब्लॅटाबॅक्टेरियम हा सहजीवी जीवाणू असतो व तो टाकाऊ नायट्रोजन पुन्हा उपयोगात आणतो. नायट्रोजन अत्यल्प असलेल्या लाकडावर जगताना ही मोठी सोय ठरते. वाळव्यांपैकी तो फक्त उत्तर ऑस्ट्रेलियातील मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस या जातीत शिल्लक आहे, आणि तीच झुरळांप्रमाणे अंडी एकत्र जोडून घालते.