मैदान गेलं, धावपट्टी आली: शेपटीच्या चाकाची जुनी खोड

कोकण किनाऱ्यावर दुपारी छोटं विमान उतरवायचं म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी गाठ. सकाळचा मतलई वारा पडला आणि ऊन तापलं की समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी तो चांगलाच जोर धरतो. धावपट्टी किनाऱ्याला समांतर असेल तर हा वारा सरळ कुशीत घुसतो. नाकाखाली चाक असलेलं विमान तो बऱ्यापैकी सोसतं. शेपटीला चाक असलेलं मात्र जमिनीला टेकल्यावर एकदम गर्रकन फिरू शकतं. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

खोड रचनेतच आहे. मुख्य चाकं पुढे आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. मालाने भरलेली हातगाडी पुढून धरून उतारावरून आणताना काय होतं ते आठवा: मागचं वजन पुढे जायला बघतं आणि गाडी जरा तिरकी झाली की आडवीच होते. इथेही नाक थोडं वळलं की मागचं वजन ते वळण वाढवतच नेतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे तिथे तेच वजन विमानाला सरळ करतं.

आता वारा डावीकडून आहे असं धरा. तो शेपटीच्या उभ्या पृष्ठभागावर आदळतो, शेपूट उजवीकडे सरकते, नाक डावीकडे वाऱ्यात वळतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला म्हणून उजवा पंख झुकतो आणि डाव्या पंखाला वारा खालून उचलतो. मग उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पायच मुडपतो. हे सगळं काही क्षणांत. त्यात वेग कमी होत जातो तसतशी रडरची, म्हणजे पायांनी चालवायच्या शेपटीवरच्या सुकाणूची, पकड सुटत जाते. म्हणजे टेकलो एकदाचे म्हणून वैमानिकाने पाय सैल सोडले, तर नेमकी तीच वेळ धोक्याची असते. शेपूट खाली असल्याने नाक वर, समोरचं धड दिसत नाही ते वेगळंच.

मग इतकी वर्षं अशी विमानं चालली कशी? विमान ओढणारा पंखा (प्रोपेलर) नाकावर, त्याला जमिनीपासून अंतर हवं, म्हणून नाक उंच ठेवून शेपूट टेकवली. रचना हलकी, स्वस्त, खडबडीत जमिनीलाही बरी. सुरुवातीच्या बऱ्याच विमानांना शेपटीला चाकसुद्धा नसे, नुसती घसरपट्टी असे. ती मातीत रुतत यायची, त्यामुळे वेग कमी व्हायचा आणि शेपूटही मागच्या मागे धरून ठेवली जायची. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश शिकाऊ विमानाला तर ब्रेकच नव्हते. आणि मुख्य म्हणजे उतरायला मोकळं मैदान असे. वाऱ्याची पिशवी बघायची, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि उतरायचं. आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा यायचाच नाही.

जुहूचं सुरुवातीचं उड्डाणही याच काळातलं. विमानतळ 1928 चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून, म्हणजे शेपूट टेकवणाऱ्याच विमानातून. आणि उतरले ते सुकलेल्या खाजणावर. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग या टपालसेवेचं बिऱ्हाड पुण्याला येरवड्यात हलायचं.

पुढे विमानं जड झाली, युद्ध आलं, बारमाही वापरता येतील अशा पक्क्या धावपट्ट्या झाल्या. घसरपट्टी डांबरावर रुतेना, तिच्या जागी चाक आलं. दिशाही ठरून गेली. वारा कुठूनही येवो, विमानाने पट्टीच्याच रेषेत उतरायचं. म्हणून मला तरी या अपघातांचा दोष एकट्या विमानाच्या माथी मारणं पटत नाही. अर्धा वाटा पट्टीचा आहे. धावपट्टीची नावं म्हणजे तिच्या दोन टोकांच्या दिशांचे आकडे. जुहूच्या दोन धावपट्ट्यांपैकी 08/26 जवळपास पूर्व-पश्चिम, तिच्यावर समुद्राचा वारा बराचसा समोरून मिळतो. 16/34 वर तोच वारा बाजूने.

अमेरिकेत पायपरचं ट्राय-पेसर 1951 मध्ये आलं, सेस्ना 172 1956 मध्ये, आणि नाकाखालचं चाक हीच रीत झाली. आपल्याकडे मात्र विमानरचनाकार डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली घडलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं ते शेपटीच्या चाकाचं, आणि फ्लाइंग क्लबांसाठी 1958 मध्ये आलेलं पुष्पकही तसंच. त्यामुळे आपल्या कितीतरी वैमानिकांचे पाय या विमानांवरच तयार झाले. एचटी-2 नंतरच्या एचपीटी-32 ला पुढे चाक आलं आणि ते शिक्षण मागे पडलं.

अमेरिकेने 1991 पासून शेपटीच्या चाकाच्या विमानांसाठी वैमानिकाला प्रशिक्षकाकडून वेगळी मान्यता घेणं सक्तीचं केलं. साधं आणि आडव्या वाऱ्यातलं उड्डाण व उतरणं, शेपूट वर ठेवून फक्त मुख्य चाकांवर टेकणं, आणि उतरणं जमत नसेल तर वेळेत थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाणं, एवढं त्यात करून दाखवावं लागतं.