ठाण्यातील शहरफेऱ्या आणि कारागृहात अडकलेला किल्ला

ठाण्यातील हेरिटेज वॉकचा रस्ता साधारण ठरलेला असतो. मासुंदा तलावाच्या काठाने कौपिनेश्वराचे मंदिर, जांभळी नाक्याची बाजारपेठ, टेंभी नाक्याजवळचे १८७९ चे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि पुढे मध्यवर्ती कारागृहाची भिंत. कोणत्या वास्तूत शिरू देतात आणि कोणत्या जागेविषयी लिखित पुरावा हाताशी आहे, या दोन गोष्टींनी हा रस्ता घडवला आहे.

माहितगाराबरोबर पायी गाव पाहण्याची रीत आपल्याकडे तीर्थक्षेत्रांनी जपली. पंचवटीत किंवा पंढरपुरात क्षेत्रोपाध्येच यात्रेकरूंना स्थळे दाखवीत आणि त्यांच्या कथा सांगत. तीर्थयात्रेचे निमित्त नसताना आपलेच शहर असे पाहण्याची सवय मात्र अलीकडची आहे. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ मध्ये नियमावली आली आणि जुन्या इमारतींकडे लोकांचे लक्ष वळले. ठाण्यातील फेऱ्या त्यानंतरच्या. त्यांना बळ दिले ते तारखांच्या योगायोगाने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात आली, जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला असतो आणि १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या कारागृहात फाशी दिली गेली.

मार्गदर्शकांचा मोठा आधार म्हणजे १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. चर्च, तलाव, किल्ला यांची माहिती त्यात एकत्र मिळते, म्हणून फेरीतही त्यांनाच जास्त वेळ मिळतो. चेंदणी कोळीवाड्याचा इतिहास घराघरांत तोंडी राहिला आहे. तो सांगायला तिथलाच माणूस बरोबर लागतो, आणि त्या वाड्याला वळसा घालून स्टेशनकडे जाणारी फेरी मला अपुरी वाटते.

खरा पेच किल्ल्याचा आहे. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा त्याचे काम पूर्ण झाले नव्हते. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, त्यांच्याकडेच राहिली. १७८७ मध्ये तिथे खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला. म्हणजे श्रीस्थानकाच्या (ठाण्याचे जुने नाव) काळाचा एक मोठा पुरावाही याच जागेने दिला.

पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर पेशव्यांनी आपले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना इथे ठेवण्यात आले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा होता. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) म्हणून राहिलेला माणूस खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणे म्हणे, त्या गाण्यातून सुटकेचा बेत आत कळवी, आणि मराठी न कळणारे पहारेकरी ते ऐकत उभे राहत, असे इंग्रजी वृत्तांतांत आले आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. ही हकिगत आजही रस्त्यावर उभे राहून सांगावी लागते.

कारागृह शहराबाहेर न्यावे आणि किल्ला मोकळा करावा, ही मागणी जुनी आहे. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बंदी इथे कोंबलेले आहेत, हे तिच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण. विरोधी बाजूही हलकी नाही: जिल्हा न्यायालय जवळ असल्याने कच्च्या कैद्यांना तारखेला हजर करणे सोपे जाते, आणि कारागृह लांब गेले की भेटीला येणाऱ्या गरीब नातेवाइकांचा प्रवास वाढतो. शिवाय शहराच्या मध्यावरची एवढी जागा रिकामी झाली, तर ती किल्ल्यासाठीच राहील का, हा संशय ठाणेकरांच्या मनातून जात नाही.

२६ जानेवारी २०२१ रोजी येरवड्यात कारागृह पर्यटन सुरू झाले. कारागृह न हलवताही मर्यादित गटांना, ओळखपत्र तपासून आणि ठरावीक वेळी आत नेता येते, हे त्यातून दिसले, आणि ठाण्यासाठीही हाच मार्ग आधी धरावा असे माझे मत आहे. फाशीची जागा आणि तटबंदी दाखवण्यासाठी बंद्यांच्या बराकींकडे जाण्याची गरज नाही. बंदी ही काही पाहण्याची वस्तू नव्हे, आणि ही मर्यादा पहिल्याच परवानगीत लिहिलेली असावी. स्थलांतराचा निर्णय पुढे झालाच, तर कारागृह हलण्यापूर्वी तटबंदीची मोजणी, आतील वास्तूंची नोंद आणि मोकळ्या जागेचा वापर यांविषयीचा आदेश निघालेला असला पाहिजे.