फाइल समोर दिसते, तरी सापडत नाही

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचं विश्लेषण शिकणाऱ्या बडोद्यातल्या मराठी मुलांची सुरुवात साधारण सारखीच असते. घरात आहे तोच लॅपटॉप, बहुधा विंडोजवाला. त्यावर इंटरनेटवरून उतरवलेला मोफत डेटा, आणि तो तपासायचं सॉफ्टवेअर, एसपीएम नाहीतर एफएसएल. कुणी मानसशास्त्राकडून आलेलं असतं, कुणी फिजिओथेरपीकडून, कुणी इंजिनिअरिंगकडून. पहिल्या आठवड्यात मेंदूपर्यंत कुणीच पोचत नाही. सगळे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' (अशी फाइल किंवा फोल्डर नाही) या ओळीपाशी थांबलेले असतात. "ताई, फोल्डरात तर दिसतेय की! मग यालाच का दिसत नाही?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर इतिहासासकट दिलेलं बरं, कारण यातल्या बऱ्याच चुका शिकणाऱ्याच्या नसतातच. कुणी कधीतरी दुसऱ्याच गरजेपोटी घेतलेले निर्णय त्याच्या लॅपटॉपवर येऊन एकमेकांशी भांडतात.

फार जुनं थोडक्यात. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमने 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून फोल्डर वेगळे दाखवायला पुढे झुकलेली रेघ (/) वापरली. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या 1981च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि ती रेघ आज्ञांचे पर्याय देण्यासाठी वापरात होती. 1983च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा रेघ आधीच अडकलेली, म्हणून उलटी रेघ (\) घेतली गेली. युनिक्स, आणि पुढे लिनक्स, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करतात. विंडोज करत नाही, मॅकही मुळात करत नाही. त्यामुळे मॅकवर बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट लिनक्सवर गेली की एका कॅपिटल 'एस'साठी कोसळते. विंडोज 95ने 'प्रोग्राम फाइल्स' असं मधे जागा सोडून नाव ठेवायची सवय लावली, आणि फाइलच्या नावाचं शेपूट लपवायचीही. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली एफएसएलची 'डिझाइन.एफएसएफ' प्रत्यक्षात 'डिझाइन.एफएसएफ.टीएक्सटी' असते, आणि मुलं तासभर स्पेलिंग तपासत बसतात.

मेंदूच्या प्रतिमांची सॉफ्टवेअर या भांडणात बरीच नंतर आली. एसपीएम 1991चं, लंडनमधलं. एएफएनआय 1994चं, अमेरिकेतलं. एफएसएल 2000चं, ऑक्सफर्डचं. बॉस्टनचं फ्रीसर्फर त्याच पिढीतलं. सगळ्यांचा जन्म युनिक्सवरचा, आणि लिहिणारे स्वतःच वापरणारे. एसपीएम मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या आत चालतं, म्हणून त्याचा पत्ता, म्हणजे पाथ, मॅटलॅबला सांगावा लागतो. बाकीच्यांचा शेलला, म्हणजे आपण आज्ञा टाइप करतो त्या प्रोग्रामला. फ्रीसर्फरला तर तुमच्या सगळ्या माणसांचे स्कॅन एकाच फोल्डरात हवे असतात, आणि तो फोल्डर 'सब्जेक्ट्स डिर' नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) लिहिलेला लागतो. तो स्वतः बदलला नाही तर फ्रीसर्फर स्वतःच्याच घरातला फोल्डर धरतं. तिथे सहसा लिहायची परवानगी नसते, आणि तुमचा डेटा तर तिथे नसतोच. शिकणारा मात्र आपल्याच फोल्डरात उभा राहून म्हणतो, "इथेच तर आहे."

आता मूळ वादाकडे. तयार झालेल्या विश्लेषणाच्या फाइलमध्ये डेटाचा अगदी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहायचा, की सापेक्ष, म्हणजे आपण उभे आहोत त्या फोल्डरापासूनचा?

एसपीएम मॉडेल तयार केलं की 'एसपीएम.मॅट' नावाची फाइल बनवतं. तिच्यात प्रत्येक स्कॅनचा पत्ता ड्राइव्हच्या नावापासून शेवटच्या अक्षरापर्यंत भरलेला असतो. शिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा श्रवणाचा डेटा घ्या: एकच माणूस, दर 7 सेकंदांनी एक याप्रमाणे 96 स्कॅन, त्यातले सुरुवातीचे 12 टाकून उरलेले 84. म्हणजे एका छोट्या सरावाच्या फाइलमध्ये 84 पूर्ण पत्ते. एफएसएलची 'डिझाइन.एफएसएफ' हेच करते. फरक इतकाच की ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात तुमच्या डेटाचा पत्ता असतो, निकाल कुठे ठेवायचा तो पत्ता असतो, आणि ज्याच्याशी प्रत्येक मेंदू जुळवून घेतात त्या प्रमाण मेंदूच्या साच्याचाही असतो. तो साचा एफएसएल जिथे बसवलंय तिथे राहतो. म्हणून मैत्रिणीने पाठवलेली डिझाइन फाइल तुमच्या मशीनवर डेटा सापडूनही पुढे साच्यापाशी अडखळते.

याच्या बाजूने बोलायचं तर बोलता येतं. 1990च्या दशकात प्रयोगशाळेत एक मोठी डिस्क असायची आणि सगळी वर्कस्टेशनं तिला जोडलेली. डेटा वर्षानुवर्षं जागचा हलत नसे. मॅटलॅबमध्ये तुम्ही कोणत्या फोल्डरात उभे आहात ते क्षणोक्षणी बदलतं, तेव्हा सापेक्ष पत्ता म्हणजे कशाच्या सापेक्ष, हा प्रश्न खराच होता. शिवाय पूर्ण पत्ता हा पुरावाही असतो. हा निकाल नेमक्या कोणत्या फाइलवरून निघाला, हे तीन वर्षांनी परीक्षकाने विचारलं तर दाखवता येतं. अनेक जाणकार आजही हीच बाजू घेतात, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही.

पण भोगतं कोण, ते बघा. मुलीने कॉलेजच्या मशीनवर ई ड्राइव्हवर विश्लेषण केलं, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि घरी येऊन उघडला. एसपीएममध्ये 'रिझल्ट्स' दाबलं तर मेंदूवर रंगीत ठिपके व्यवस्थित उमटले, कारण निकालाच्या चित्रांची नुसती नावं लिहिलेली असतात आणि ती शेजारीच आहेत. तिला वाटलं, सगळं आलं. मग एका ठिपक्यातला वेळेनुसारचा चढउतार काढायला गेली आणि लाल अक्षरं आली, कारण त्यासाठी मूळ स्कॅन लागतात आणि त्यांचे पत्ते अजून ई ड्राइव्हवरचेच आहेत. अर्धं चालतं, अर्धं चालत नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. पूर्ण बंद पडलं असतं तर निदान लगेच कळलं असतं. एसपीएममध्ये 'एसपीएम चेंजपाथ' नावाची सोय आहे. ती फाइलमधला जुना पत्ता खोडून नवा भरते आणि मूळ फाइल '.ओल्ड' म्हणून बाजूला ठेवते. उपयोगी आहे, पण ती आहे हे नवशिक्याला सांगायला कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

एफएसएलची गत आणखी सोशिक. निकालाचा फोल्डर आधीच असेल तर ते तक्रार करत नाही, नावाला एक अधिकचिन्ह लावून नवा फोल्डर करतं. तिसऱ्यांदा चालवलं तर दोन. मग गटाच्या विश्लेषणात हाताने दिलेला पत्ता जुन्याच, चुकलेल्या फोल्डराकडे बोट दाखवत राहतो. पत्ता बरोबर, फाइल जागेवर, निकाल चुकीचा, आणि पडद्यावर एकही चूक नाही. पाथच्या चुकांच्या याद्यांत हा प्रकार क्वचितच येतो, आणि धाकधूक याचीच वाटायला हवी.

बडोद्याला या वादाची एक जुनी आवृत्ती ठाऊक असायला हवी. 1910मध्ये संस्थानाने अमेरिकेहून एक ग्रंथपाल बोलावला. इथलं मध्यवर्ती ग्रंथालय हे त्या काळाचंच देणं. त्याने इथल्यासाठी दोन अमेरिकन पद्धती एकत्र करून वर्गीकरण आखलं. त्याआधी जगातल्या पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकावर दालन, कपाट आणि फळीचा क्रमांक घालत. कपाट हललं की सगळे क्रमांक बाद. 1876च्या दशांश पद्धतीने क्रमांक विषयाला दिला, शेजारच्या पुस्तकांच्या संदर्भात, आणि कपाटं मोकळी झाली. न्यूरोइमेजिंगवाल्यांनी हाच वाद शंभरेक वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून घातला. माझं मत विचाराल तर 1990च्या दशकात पूर्ण पत्ता लिहिणं चूक नव्हतं. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह हातोहाती आल्यावरही ते तसंच ठेवलं, ही हेळसांड.

साधारण 2009 ते 2015 हा या गोंधळाचा भर दुपारचा काळ. एसपीएम8 आलेलं, 2014मध्ये एसपीएम12. एफएसएल विंडोजवर चालायचंच नाही. म्हणून संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं व्हर्च्युअल बॉक्स टाकायचं, त्यात आख्खं लिनक्स, त्यात एफएसएल, आणि हे सगळं 4 जीबी रॅममध्ये. विंडोजचा डेटा आत दिसावा म्हणून 'शेअर्ड फोल्डर' करायचा. तो लिनक्समध्ये '/मीडिया/' खाली, नावाच्या सुरुवातीला 'एसएफ' लागून उगवायचा, आणि आत जायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. स्वतःला एका खास गटात घातल्याशिवाय तो उघडत नसे. म्हणजे एकाच फाइलचे दोन पत्ते, दोन्ही खरे, आणि कोणत्या खिडकीत कोणता चालतो ते लक्षात ठेवायचं.

त्याच सुमारास दोन्ही सॉफ्टवेअर एकदम शिकणाऱ्यांचे हाल वेगळे. 2003-04च्या सुमारास मेंदूच्या प्रतिमा साठवायचा निफ्टी फॉरमॅट आला आणि हेडर (स्कॅनची माहिती) व प्रतिमा अशा जोडफाइली हळूहळू मागे पडल्या. एफएसएलने निफ्टी दाबून (कॉम्प्रेस करून), शेवटी '.जीझेड' लावून लिहायला सुरुवात केली. एसपीएम12ला ती दाबलेली फाइल वाचता येत नाही, उघडून द्यावी लागते. उघडली की फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली होतात, एक दाबलेली, एक मोकळी. एफएसएलला शेपूट न लावता नाव द्यायची सवय असल्याने ते गोंधळून थांबतं: यातली कोणती? एसपीएमच्या बाजूने उलटी खोड म्हणजे पत्त्याच्या शेवटी स्वल्पविराम आणि एक. 'बोल्ड.एनआयआय,1' म्हणजे त्या फाइलमधला पहिला स्कॅन. एसपीएमच्या बॅचमधून हा पत्ता उचलून टर्मिनलमध्ये डकवला की बाकीचं जग म्हणतं, अशी फाइल नाही. आणि खरंच नसते.

2016मध्ये विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आली आणि व्हर्च्युअल बॉक्सचा जाच संपला. सी ड्राइव्ह आता '/एमएनटी/सी' खाली दिसतो. पण त्यापुढे वापरकर्त्याचं नाव येतं, आणि लॅपटॉप घेताना कुणी ते 'आई बाबा' असं, मधे जागा सोडून, कधी देवनागरीत टाकलेलं असतं. जागा असलेला पत्ता एफएसएलच्या स्क्रिप्टांत दोन तुकडे होऊन पडतो. देवनागरी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी प्रश्नचिन्हांची रांग होते. डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हमध्ये हलवला जातो तो भाग निराळाच. म्हणून इथे शिकणाऱ्यांत एक रिवाज पडलाय: डेटा सी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या अक्षरांच्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात. मॅकवाल्यांना 2019ने हिसका दिला. त्या वर्षी मॅकने मूळ शेल बॅशऐवजी झेडशेल केला. जुन्या बॅशच्या फाइलमध्ये लिहिलेले एफएसएलचे पत्ते नवा शेल वाचेना, आणि नव्या मॅकवर जुन्या सूचना जशाच्या तशा पाळणाऱ्यांना 'कमांड नॉट फाउंड' दिसू लागलं.

2016मध्येच फाइलींची नावं आणि फोल्डर कसे असावेत याचा एक सामायिक करार प्रसिद्ध झाला: बिड्स. माणूस, सत्र, काम, प्रकार, सगळं ठरलेल्या क्रमाने नावातच. नवशिक्यांवर याचे मोठे उपकार आहेत, कारण कुणाचाही डेटा उघडला तरी बोल्डची, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनची, फाइल कुठे असणार हे आधीच माहीत असतं. पण सापेक्ष पत्त्याचं भूत इथेही निघालं. प्रतिमेतली विकृती दुरुस्त करायला लागणारा फील्डमॅप कोणत्या स्कॅनसाठी आहे ते शेजारच्या जेसन या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं असतं. तो पत्ता कशाच्या सापेक्ष? जेसन ज्या फोल्डरात आहे त्याच्या, असं कुणालाही वाटेल. करारात होतं, त्या माणसाच्या फोल्डराच्या. ज्यांनी आपल्या समजुतीने लिहिलं त्यांच्या प्रतिमांची विकृती दुरुस्तच झाली नाही. पुढे ही रीत कालबाह्य ठरवून 'बिड्स' शब्दाने सुरू होणारा, आख्ख्या डेटासेटच्या मुळापासूनचा पत्ता सुचवण्यात आला. ग्रंथालयवाले हसले असते.

आताच्या पिढीची अडचण आणखी एका मजल्यावर गेली आहे. स्कॅन विश्लेषणासाठी तयार करून देणारी एफएमआरआयप्रेपसारखी साधनं डॉकरच्या डब्यात, म्हणजे बाकीच्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, बंद होऊन येतात. डब्याच्या आतून बाहेरची डिस्क दिसत नाही. बाहेरचा अमुक फोल्डर आत '/डेटा' म्हणून दिसू दे, असं आधी सांगावं लागतं, आणि त्यापुढच्या सगळ्या सूचनांत आतलाच पत्ता द्यायचा. मुलं सवयीने बाहेरचा देतात. व्हर्च्युअल बॉक्सचा 'एसएफ' फोल्डर ज्यांनी सोसला त्यांना हे पाच मिनिटांत कळतं, हा त्या जुन्या जाचाचा एकमेव फायदा.

आणि सगळ्यात नवी गंमत मोफत डेटाच्या भांडारांतली. डेटालॅड या डेटा उतरवायच्या साधनाने आणलेल्या डेटासेटमध्ये सगळे फोल्डर, सगळी नावं पहिल्याच मिनिटाला दिसतात. मोठ्या फाइलींच्या जागी मात्र नुसते दुवे असतात, आतला ऐवज मागितल्याशिवाय येत नाही. एफएसएल म्हणतं फाइल नाही, फोल्डर म्हणतो आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. लिनक्समध्ये अशा वेळी 'एलएस -एल' केलं की नावापुढे बाण दिसतो. बाण असेल आणि तो दाखवतो त्या जागी फाइलच नसेल, तर पत्त्याचं स्पेलिंग तपासत बसू नये, त्या फाइलसाठी 'डेटालॅड गेट' द्यावं.