मोडलेले हाड आणि कॅल्शियमची गोळी

हाताला प्लास्टर घालून घरी आलेल्या माणसाच्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या असतातच. 'घेत राहा, हाड लवकर जुळेल,' असे शेजारीही सांगतात. ही समजूत रुजायला दोन-अडीच शतके लागली.

हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतो, हे 1770 च्या सुमारास स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ गान आणि शेले यांच्या कामातून कळले. 1842 मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर शोसा यांनी कबुतरांना नुसत्या गव्हावर ठेवले, तेव्हा त्यांची हाडे पातळ पडून मोडू लागली. खाण्यात चुनखडी मिसळली की तसे होत नसे. उणीव भरली की हाड सावरते, एवढेच यातून दिसले होते. मात्र लोकांनी अर्थ काढला तो 'जास्त दिले की जास्त मजबूत' असा.

1984 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी रोज 1000 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आणि गोळ्यांचा खप वाढला. मग 1992 चा फ्रान्समधील अभ्यास आला. वृद्धाश्रमांतल्या 3270 स्त्रियांपैकी ज्यांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व मिळाले, त्यांच्यात 18 महिन्यांत खुब्याचे फ्रॅक्चर 43 टक्क्यांनी कमी झाले. सरासरी 84 वर्षांच्या या आज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व मुळातच कमी होते, ही गोष्ट पुढे विसरली गेली. ब्रिटनमध्ये एकदा हाड मोडलेल्या, सत्तरी गाठलेल्या 5292 जणांवर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र या गोळ्यांनी पुढची फ्रॅक्चर टळली नाहीत.

हाड दाट व्हावे म्हणून दिलेल्या फ्लोराइडची कथा तर अंगावर येते. 1990 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक रुग्णालयाच्या अभ्यासात सोडियम फ्लोराइड घेतलेल्या स्त्रियांच्या मणक्याची घनता चार वर्षांत 35 टक्क्यांनी वाढली, पण मणके सोडून इतर हाडांची फ्रॅक्चर सुमारे तिप्पट झाली. हाड दाट झाले, तरी ठिसूळ राहिले. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसे वाकली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ होते, मग मऊ कूर्चा येते आणि शेवटी तिच्यात खनिज भरते. शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते, त्यातले 99 टक्के हाडांत आणि दातांत. मोडलेली जागा जुळायला लागणारा वाटा त्यामानाने थोडा. त्या जागी रक्तपुरवठा कसा आहे, टोके हलतात का, माणूस विडी-सिगारेट ओढतो का, यावर जुळणी जास्त अवलंबून असते.

आपल्याकडे प्रौढांसाठी रोजच्या कॅल्शियमची शिफारस 2010 मध्ये 600 मिलिग्रॅम होती, 2020 मध्ये ती 1000 झाली. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम मिळते. दूध परवडत नाही, उन्हात बसणे होत नाही, अशी घरात पडून असलेली आजी त्या फ्रेंच आज्यांच्या जवळची आहे. तिला गोळी जरूर द्यावी. दूध-भाकरी व्यवस्थित खाणाऱ्या तरण्या पोराचे हाड गोळीविनाही जुळते.