ललिता बाबर: रोडवरून स्टीपलचेजकडे

३००० मीटर स्टीपलचेज (म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेली ट्रॅकवरची रेस) पळणारी ललिता बाबर म्हटलं की लोक एकच वाक्य टाकतात, पी.टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिम्पिक फायनल, २०१६ ला रिओत. वाक्य बरोबर आहे पण त्यात "ट्रॅकवरची वैयक्तिक" एवढे शब्द राहून जातात, कारण मधल्या काळात २००४ ला अथेन्समध्ये आपल्या मुली ४ बाय ४०० रिलेच्या फायनलला होत्या आणि अंजू बॉबी जॉर्ज लांब उडीच्या.

तर मूळची ही साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची. माण म्हणजे कायम दुष्काळी, टँकरची वाट बघणारा भाग, घर शेतकऱ्याचं. म्हणून नंतर पेपरवाल्यांनी "माणदेशी एक्स्प्रेस" नाव चिकटवलं (त्याआधी कविता राऊत "सावरपाडा एक्स्प्रेस" झालीच होती, आपल्याकडे पळणारी पोरगी दिसली की एक्स्प्रेस ठरलेली). नोकरीही लागली ती रेल्वेतच, हा योगायोग भारी आहे.

पण ती आधी स्टीपलचेजवाली नव्हतीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती रोडची रनर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, १३ आणि १४ अशी हॅटट्रिक मारली, आणि मग एशियन गेम्सचं मेडल डोक्यात ठेवून ३००० मीटर स्टीपलचेजकडे वळली. आता ४२ किलोमीटर पळणारीने साडेसात राऊंडच्या रेसला यायचं म्हणजे सगळंच बदललं, स्पीड वेगळा, वर २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी, आणि हे अडथळे साध्या हर्डलसारखे पाय लागला की पडत नाहीत, जाड लाकडी ओंडका असतो तो, लागला तर आपणच पडायचं. बायकांची ही रेस ऑलिम्पिकमध्ये आलीच २००८ ला, त्यामुळे आपल्याकडे फार जुनी परंपरा वगैरे काही नव्हती. जे होतं ते सुधा सिंगचं, २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्सचं गोल्ड तिचं.

२०१४ च्या इंचॉन एशियन गेम्सला ललिताने ९:३५.३७ मारून सुधाचाच नॅशनल रेकॉर्ड मोडला, सुधा थोडक्यात चौथी. त्या रेसमध्ये गोंधळही झाला, पहिली आलेली बहरीनची रूथ जेबेट आधी बाद ठरवली मग परत घेतली, आणि ललिताचं वर सरकलेलं सिल्व्हर पुन्हा ब्राँझ झालं.

२०१५ मात्र जबरदस्त गेलं. जानेवारीत परत मुंबई मॅरेथॉन, २:३८:२१ (म्हणजे रोड सोडलाच नव्हता बाईने), मग वुहानला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, मग बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला फायनल आणि त्यात आठवी. कोच बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह, नंतर अविनाश साबळेही काही काळ त्यांच्याकडे होता. तोही दुष्काळी आष्टीचा आणि स्टीपलचेजवालाच, काय म्हणावं.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला हीटमध्ये (फायनलआधीच्या फेरीत) ती चौथी आली, थेट एंट्री पहिल्या तिघींना, पण टाइम होता ९:१९.७६. एप्रिलमधल्या स्वतःच्याच ९:२७.०९ च्या रेकॉर्डपेक्षा सात सेकंदांहून जास्त फास्ट, त्या टाइमवरच आत गेली. एवढ्या वरच्या लेव्हलला सात सेकंद एका झटक्यात काढणं म्हणजे चेष्टा नाही. फायनल १५ ऑगस्टला, आपल्याकडे संध्याकाळी, आदल्या रात्री जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या फायनलसाठी जागलेले लोक परत टीव्हीसमोर. ९:२२.७४, दहावी. गोल्ड त्याच जेबेटला, ८:५९.७५.

त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार, पुढे राज्य सरकारने उपजिल्हाधिकारी म्हणून थेट नेमणूक दिली. ट्रॅकवरचं करिअर मात्र रिओच्या पुढे फारसं गेलं नाही, आणि मला विचाराल तर तिची स्टीपलचेजची जेमतेम अडीच-तीन वर्षंच होती ती. ९:१९.७६ सात वर्षं टिकला, २०२३ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड फायनलमध्ये मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ मारून मोडला. आणि एवढं पळूनही पारुल अकरावी आली.