'शरण' या शब्दाचा घोळ : पॅसिफिक युद्धाची पार्श्वभूमी
दुसऱ्या महायुद्धातलं जपान-अमेरिका युद्ध म्हटलं की पर्ल हार्बर सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. वंशाचं भांडण त्याच्या बरंच आधीचं. १९१९ ला पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने वांशिक समानतेचा प्रस्ताव आणला, १७ पैकी ११ मतं बाजूने पडली, तरी एकमत नाही म्हणून तो बारगळला. १९२४ ला अमेरिकेने कायदा करून जपान्यांना येणंच बंद केलं. ही सल जपानमध्ये राहिली, पण म्हणून जपान काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, १९३७ चं चीनमधलं नानजिंगचं हत्याकांड आठवा.

खरा घोळ 'शरण' या शब्दाचा आहे. जानेवारी १९४१ मध्ये जपानी सैन्याने आचारसंहिता काढली, त्यात कैदी होण्याची लाज घेऊन जगू नका असं बजावलेलं. आता ज्याला स्वतःचं शरण जाणं म्हणजे मरणापेक्षा वाईट, तो शरण आलेल्या समोरच्याला काय किंमत देणार? एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या बटानला शरण आलेल्या अमेरिकन आणि फिलिपिनो कैद्यांना उन्हात चालवत नेलं, मागे पडला त्याला संगिनीने भोसकलं, त्यामागे हाच विचार होता.

इकडे अमेरिकेत 'जपानी शरण येतच नाहीत' हे वाक्य पाठ झालं, आणि ते अर्धसत्य आहे असं मला ठामपणे वाटतं. काहीजण हात वर करून जवळ यायचे आणि ग्रेनेड फोडायचे हे खरं, पण खरोखर शरण येणाऱ्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या, मग बाकीचे कशाला येतील? शेवटी अमेरिकनांना विमानातून टाकायच्या पत्रकांवरचा मजकूर बदलावा लागला, 'मी शरण येतो' काढून 'मी प्रतिकार थांबवतो' केलं. त्याच कागदावर इंग्रजीत स्वतःच्याच सैनिकांना सूचना, की याला माणुसकीने वागवा, लगेच अधिकाऱ्याकडे न्या. आपल्याच पोरांना हे छापून सांगावं लागलं! तरीही इवो जिमा या जपानी बेटावर साधारण २१ हजार जपान्यांपैकी लढाईत जिवंत हाती लागले फक्त २१६.

मे १९४४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात फोटो आला, एक तरुणी टेबलाशी बसून पत्र लिहितेय, समोर तिच्या मित्राने पाठवलेली जपानी सैनिकाची कवटी. जपानी पेपरांनी तो उचलला, अमेरिकन म्हणजे राक्षस हे सांगायला आयतं कोलीत मिळालं. जुलैत सायपान या पॅसिफिकमधल्या बेटावर जपानी बायका कच्च्याबच्च्यांना घेऊन कड्यावरून समुद्रात उड्या टाकत होत्या, त्यांना हेच सांगून ठेवलेलं.

मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या मासिकात जपान्यांना ऊ दाखवणारं चित्र आलं, ही कीड समूळ नष्ट करा म्हणून. त्याच महिन्यात टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं गेली. सप्टेंबरमध्ये, युद्ध संपल्यावर, त्याच मासिकाच्या कव्हरवर हसणारा मरीन होता आणि त्याच्या खांद्यावर ढगळ जपानी गणवेश घातलेलं माकड.