बावन्न वजा अठ्ठावीस बरोबर छत्तीस

तिसरीच्या वर्गात ५२ वजा २८ हे गणित घाला. एकदोन वह्यांत तरी ३६ हे उत्तर सापडेलच. वहीवर लाल फुली पडते, घरी ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ विचारलं जातं आणि विषय संपतो. पण लक्ष जागेवरच होतं. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलाने आठातून दोन काढले. सहा. पाचातून दोन गेले, तीन. त्याच मुलाला ८१ वजा ४७ द्या, ते बहुधा ४६ लिहील. उत्तर आधीच ओळखता येतंय, म्हणजे हा धांदरटपणा नव्हे. हा नियम आहे. मुलाने स्वतः बनवलेला, इमानेइतबारे पाळलेला आणि चुकीचा.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली नेमकं हेच दाखवलं. वजाबाकीत मुलं मनाला येईल ते लिहीत नाहीत, आपापला बिघडलेला नियम सातत्याने वापरतात. प्रोग्राममध्ये एखादा ‘बग’ असावा, तसा. या दोघांनी असे बग शोधायला संगणकाचा प्रोग्रामच लिहिला आणि शिक्षकांच्या सरावासाठी त्याचा खेळही केला. संगणक बिघडलेल्या नियमाने उत्तरं द्यायचा आणि त्यामागचा नियम शिक्षकाने ओळखायचा.

मग हा बग येतो कुठून? मुलाला ५२ म्हणजे शेजारीशेजारी उभे असलेले दोन आकडे दिसतात, पाच दशक आणि दोन सुटे दिसत नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या ‘दशक सुटा करणे’ या शब्दांपेक्षा वाणसामानाचं दुकान इथे जास्त उपयोगी पडतं. खिशात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आहेत, दुकानदाराला अठ्ठावीस रुपये द्यायचेत, तर एक नोट मोडावी लागणारच. ४०३ मधून १५७ वजा करताना दहाची नोटच नसते. तिथे आधी शंभराची मोडायची आणि त्यातून आलेल्या दहाच्या दहा नोटांतली एक पुन्हा मोडायची. मधलं शून्य भल्याभल्यांना का रडवतं ते इथे कळतं: एका गणितात दोनदा मोड. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम ३४ टक्क्यांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडथळा असतो, आपल्या भाषेचा. ‘चोपन्न’ ऐकलं की आधी ‘चो’ कानावर पडतं, म्हणून हात आधी ४ लिहितो, मग ५. झाले पंचेचाळीस! बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. जर्मनमध्येही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, आणि तिथली मुलंही आकड्यांची अशीच अदलाबदल करतात. शिवाय आपला ‘दोन’ म्हणजे बहुरूपी. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बहात्तर, ब्याऐंशी; दर दहा घरांनी त्याचा वेश बदलतो. एकोणतीसमध्ये तर वजाबाकीच दडलेली आहे, तिसाला एक उणे. हा नियम एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि नव्व्याण्णवला दगा देतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात. कन्नड आणि तेलुगूत दशक आधीच बोलतात. आपली नावं बदलावीत असं मला वाटत नाही. पण त्यावर विनोद करणाऱ्या किती जणांनी मुलाला ‘चोपन्न’ लिहिताना पाहिलं होतं, ही शंका येते.

याच वयात डोक्यात एक मोठी बदली होत असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात विनोद मेनन यांच्या गटाने ७ ते ९ वर्षांच्या २८ मुलांच्या मेंदूचं, सोप्या बेरजा करतानाचं, साधारण वर्षाच्या अंतराने दोनदा स्कॅनिंग केलं. २०१४ साली निष्कर्ष आले. वर्षभरात मुलांचं बोटं मोजणं कमी झालं आणि उत्तर थेट आठवणं वाढलं. आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस हा भाग जास्त कामाला लागला, कपाळामागच्या भागाची धावपळ कमी झाली. मोठ्यांमध्ये मात्र हिप्पोकॅम्पसलाही फारसं काम उरलेलं नसतं. म्हणजे तो बांधकामासाठी उभारतात त्या परांचीसारखा, घर उभं राहीपर्यंतच लागणारा.

पाढे पाठ करण्याचा फायदा इथे आहे. एका वेळी डोक्यात धरता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. साती आठं छप्पन्न आपोआप आलं, तर हातचा धरायला जागा उरते. ते बोटांवर मोजावं लागलं, तर हातचा निसटतो. आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीपर्यंत घोकायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तेवढं घोकायला आज मीही कोणाला सांगणार नाही.

पण पावकीवरून आठवलं. पाव किलो म्हणजे किती हे दुकानात जाणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. तेच मूल वहीत १/४ हा १/३ पेक्षा मोठा लिहितं, कारण चार तिनापेक्षा मोठे. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ करतं. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत. इथेही नियम आहेच. पूर्ण संख्यांवर तीन वर्षं बिनचूक चाललेला नियम अपूर्णांकावर का चालू नये, असा त्याचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. फुली मारण्याआधी त्याच्या हातात दोन सारख्या भाकऱ्या द्या. एक तिघांत वाटायला सांगा, दुसरी चौघांत, आणि भूक लागली असेल तर कुठल्या पंगतीला बसशील ते विचारा.